समेआधीचे चेहरे

जुन्या दूरदर्शनच्या संगीतमुद्रणांत गाणं सुरू होण्याआधीचा थोडासा वेळ राहून गेलेला असतो. तो मला फार प्रिय आहे. निवेदिकेचं बोलून झालेलं असतं, कलाकाराचं नाव पडद्यावर येऊन गेलेलं असतं, आणि कॅमेरा बैठकीवर येतो तेव्हा बैठक अजून जमायची असते. तबलजी कान तबल्याशी नेऊन हातोडीने गजऱ्यावर हलका ठोका देतात, बोटाने चाट वाजवून पाहतात, पुन्हा एक ठोका देतात. पेटीवाले भाता मोकळा करतात. तंबोऱ्यावरची मुलगी मान किंचित कलती करून जोडीच्या तारा ऐकत असते. गवई घसा साफ करतात, मांडीवरची शाल सारखी करतात, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बघतात आणि डोळे मिटतात. आजच्या संकलकाच्या हाती हा भाग पडला असता तर वाचला नसता. तेव्हा तो वाचला, हे आपलं भाग्य.

रात्री घर निजलं की मी ही मुद्रणं शोधत बसते. प्रसार भारतीच्या संग्रहातून काही बाहेर आली आहेत, सह्याद्री वाहिनीने काही पुन्हा दाखवली आहेत, आणि बरीचशी कुणा रसिकाने कधीकाळी घरच्या व्हीसीआरवर धरून ठेवलेली आहेत. आजच्या आडव्या पडद्याच्या मधोमध ते जवळजवळ चौरस चित्र बसतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. तळाशी फाटल्यासारखी एक रेघांची पट्टी थरथरत असते. टेप वाचणारं एक हेड थांबतं आणि दुसरं काम हाती घेतं, त्याचा तो सांधा. जुन्या संचावर तो चौकटीआड झाकला जायचा, आता उघडा पडतो. आणि कृष्णधवल मुद्रणांत आणखी एक गंमत दिसते. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या नळीला लख्ख उजेड चटकन विसरता येत नसे. त्यामुळे गायिकेच्या कानातली कुडी चमकली आणि मान हलली, की त्या चमकेमागे एक पांढरी रेघ ओढली जाते. तान वर चढते तशी ती रेघही वर जाते. सूर कुठून कुठे गेला हे जणू क्षणभर पडद्यावर लिहून राहतं.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. वरळीहून संध्याकाळचे मोजके तास प्रक्षेपण चाले, तेही कृष्णधवल. रंग यायला १९८२ उजाडलं. पण संगीताच्या बाजूने पाहिलं तर ही १९७२ची तारीख किती वेळेवर आली! भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याच्या आठवणी शिष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी मागे राहिली नाही. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. तोवर तबकडी रुळली होती, म्हणून त्यांचा आवाज तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत आपल्यापाशी आहे. पण गाताना ते कुणाकडे बघत, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटे, हे छायाचित्रांवरून ताडत बसायचं. बालगंधर्व १९६७ साली गेले. ‘धर्मात्मा’ चित्रपटामुळे ते पडद्यावर दिसतात खरे, पण तिथे ते एकनाथ झालेले असतात, मैफलीत बसलेले बालगंधर्व तिथे नाहीत.

मुंबईत टीव्ही आला तेव्हा मात्र हिराबाई बडोदेकर होत्या, मोगूबाई कुर्डीकर होत्या, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, निवृत्तीबुवा सरनाईक होते. वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, माणिक वर्मा, शोभा गुर्टू, जितेंद्र अभिषेकी, किशोरी आमोणकर आपापल्या बहरात होते. इतकी माणसं एका वेळी हयात, त्यातली इतकी गाती, आणि हाकेच्या अंतरावर कॅमेरा येऊन उभा राहिलेला. असा योग आपल्या संगीताच्या वाट्याला याआधी कधी आला नव्हता.

तरीही कुणी विचारील, की आवाज तर आकाशवाणीने आणि तबकड्यांनी जपलाच होता. गाणं डोळे मिटून ऐकायचं, मग चित्र हवं कशाला? बुजुर्ग रसिक तर असं बजावूनच सांगायचे. मला या प्रश्नाचं उत्तर ही मुद्रणं बघता बघता मिळत गेलं. गाणं ऐकू येतं, पण ऐकणं दिसावं लागतं. मैफलीत जो गातो तोच सगळ्यात जास्त ऐकत असतो. त्याच्या शेजारी तबलजी ऐकत असतो, पेटीवाला ऐकत असतो, मागे तंबोरे धरलेली दोन माणसं ऐकत असतात. त्यांचं ते ऐकणं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि त्या गुंत्यातून गाणं वर येतं. तबकडीने आपल्याला गाणं दिलं. टीव्हीने, फारसं ठरवून नव्हे, पण हे ऐकणं दिलं.

एक मुद्रण मी पुन्हा पुन्हा लावते. कृष्णधवल आहे. सुरुवातीची नावांची पट्टी तुटून गेली आहे, त्यामुळे गायिका कोण हे त्यावर कुठेच नाही. मध्यमवयीन बाई आहेत, सुती पातळ, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर. मागे पुठ्ठ्याची जाळी आणि तिच्यावर नाटकातल्यासारखा पडलेला उजेड. विलंबित एकताल चालू आहे. बाई बढत करत गंधारापाशी येतात आणि तिथेच रेंगाळतात. पुढे जायची घाई नाही. गंधाराला खालून हात लावून बघतात, वरून बघतात, परत येतात. तबलजी खाली मान घालून ठेका धरून आहेत. समेकडे नेणारा बंदिशीचा मुखडा उचलायची मात्रा जवळ येते. पेटीवाल्यांची बोटं पट्ट्यांवर टेकतात, पण वाजवत नाहीत. बाई उचलतील मग आपण, असं त्या बोटांकडे बघूनच कळतं. बाई उचलत नाहीत. मुखड्याची नेहमीची जागा निघून जाते. आता सम हुकणार असं वाटतं, तेवढ्यात उरलेल्या चिमूटभर जागेत अख्खा मुखडा बसवून त्या अशा अलगद समेवर येतात, की त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

आणि त्या क्षणी कॅमेरा त्यांच्यावर नाहीच. तो त्यांच्या चेहऱ्याकडे निघालेला असतो, वाटेत असतो. म्हणून आपल्याला दिसतात ते बाकीचे. तबलजी मान वर करतात आणि हसतात, पण बाईंकडे बघून नव्हे, पेटीवाल्यांकडे बघून. पेटीवाले डोळे मिटून मान हलवतात. तंबोऱ्यावरच्या मुलीची बोटं थांबत नाहीत. मधलं बोट पंचमावर, मग तर्जनी जोडीवर आणि खर्जावर, हा फेरा तसाच चालू राहतो. तालाशी त्याने बांधून घ्यायचं नसतं, हे तिला शिकवलेलं आहे. पण तिचे डोळे एकदम मोठे होतात, आणि आपण असे डोळे मोठे केले हे कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून ती झटकन खाली बघते. कॅमेरा गायिकेपर्यंत पोहोचतो तेव्हा तिथे सगळं शांत झालेलं असतं आणि पुढचं आवर्तन सुरू असतं.

या मुलीने ऐकलेली ती सम मला कुठल्याही तबकडीवर मिळाली नसती. सूर तोच मिळाला असता, मात्रा तीच मिळाली असती. पण ती समेची जागा किती अवघड होती, हे मला त्या डोळ्यांनी सांगितलं. शास्त्र न शिकलेल्या माणसाला गाणं कळतं ते असंच, शेजारच्या जाणत्या माणसाच्या चेहऱ्यावरून. पूर्वी मैफलीत लहान मुलांना पुढे बसवायचे ते त्यासाठीच असावं. ज्यांना मैफली मिळाल्या नाहीत, त्यांच्यासाठी ही मुद्रणं म्हणजे ती पुढची जागा आहे.

कुमारजींचं गाणं बघताना हे फार जाणवतं. क्षयाने त्यांची ऐन उमेदीची वर्षं देवासला अंथरुणात गेली आणि एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. त्यानंतरचं त्यांचं गाणं छोट्या छोट्या, धारदार स्वरवाक्यांचं. तबकडीवर ती वाक्यं विजेसारखी येतात. मधली शांतता आपण कलावंताची योजना म्हणून ऐकतो, आणि ती तशी असतेही. पडद्यावर मात्र त्या शांततेत खांदे वर उचललेले दिसतात, छाती भरताना दिसते, आणि श्वास पुरा व्हायच्या आत डोळ्यांत पुढची जागा उमटलेली दिसते. शरीराने घातलेली अट आणि बुद्धीने त्या अटीचं केलेलं सौंदर्य, दोन्ही एकाच वेळी समोर असतं. आणि तंबोरे! तंबोरा कसा लागावा याबद्दलचा त्यांचा हट्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जवारीवर तारेखाली असलेला दोरा बोटाच्या टोकाने केसभर सरकवायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. ते करताना कुमारजींचा चेहरा बघितला, की गाणं सुरू व्हायचंय असं म्हणवत नाही. ते सुरू झालेलंच असतं.

मल्लिकार्जुन मन्सूर उलट लगेच गायला लागतात. जयपूर घराण्याची रीतच ती. लांबलचक आलापाची प्रस्तावना नाही, बंदिश हातात घ्यायची आणि तिच्यातूनच राग उलगडत न्यायचा. अनवट राग, गुंतागुंतीची तान, आणि चेहऱ्यावर एखाद्या खोडकर मुलासारखं हसू. इतकं कठीण काम इतक्या आनंदाने करता येतं, हे ऐकून पटलं नसतं, बघून पटतं. भीमसेनअण्णांचे हात हा तर वेगळाच ग्रंथ आहे. तार षड्जाकडे जाताना तो हात हवेतून काहीतरी जड ओढून आणतो, आणि सूर लागला की मूठ अशी उघडते, की आता ते तुम्ही घ्या. किशोरीताई स्वरमंडल मांडीवर घेऊन डोळे मिटतात आणि मग त्यांच्या कपाळावरची एक बारीक आठी सांगत राहते, की सूर अजून त्यांच्या मनातल्या जागी आलेला नाही. आपल्याला तो केव्हाच आलेला वाटत असतो. ती आठी सुटते तेव्हा आपल्याला कळतं, की ‘लागणं’ म्हणजे काय.

सुगम संगीताच्या कार्यक्रमांचंही असंच. अरुण काकतकरांनी केलेल्या ‘शब्दांच्या पलीकडले’सारख्या कार्यक्रमांमधून भावगीत घराघरांत दिसू लागलं. रेडिओवर पाठ झालेली गाणी, आणि आता ती गाणारा माणूस समोर. समोर उघडलेली वही, चष्मा, वहीच्या पानावर पेन्सिलीने केलेल्या खुणा. काही ठिकाणी संगीतकार स्वतः शेजारी बसलेला असतो. आपली चाल दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकताना त्याचे ओठ नकळत हलत असतात, आणि एखादी हरकत त्याने सांगितलेली नसताना गायिकेने घेतली, की भुवई वर जाते. ती भुवई नापसंतीची की कौतुकाची, हे पुढच्या ओळीपर्यंत कळत नाही. पुढच्या ओळीला तो हसतो.

पेटीवाल्यांबद्दल तर वेगळं सांगायलाच हवं. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. ठरलेल्या पट्ट्यांच्या या वाद्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. तीन दशकं हे कलाकार मैफली गाजवत राहिले, पण देशाच्या रेडिओवर त्यांच्या वाद्याला जागा नव्हती. ती बंदी उठली आणि लगेच पुढच्या वर्षी मुंबईत टीव्ही आला. म्हणून गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या पिढीची साथ आपल्याला नुसती ऐकू येत नाही, तर दिसते. गवयाच्या मागे सावलीसारखं जाणं म्हणजे काय, दोन स्वरांमधल्या फटीतून बोट निसटवून मींडेचा भास कसा आणायचा, आणि मुख्य म्हणजे वाजवायचं कधी नाही, हे त्या बोटांवर दिसतं. ‘मींड निघत नाही’ या आक्षेपाला त्यांनी दिलेलं उत्तर या चित्रफितींत जिवंत आहे.

आणि तरीही जे राहिलं त्यापेक्षा जे गेलं ते फार मोठं आहे. सुरुवातीच्या काळात कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे. ते हवेतून गेले ते गेलेच. जे टेपवर उतरले, त्यांतले बरेच त्याच टेपवर दुसरा कार्यक्रम उतरवून पुसले गेले. टेप महाग होती, आणि टीव्हीवरचा कार्यक्रम म्हणजे आज दाखवायचा आणि उद्या विसरायचा, अशीच तेव्हा जगभर समजूत होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही त्या काळातले आपले कितीतरी कार्यक्रम असेच पुसून टाकले. पुसताना कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण एखाद्या संध्याकाळी हिराबाईंनी लावलेल्या षड्जावरून दुसऱ्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज उतरवला गेला असेल, या विचाराने आजही जीव कळवळतो.

ज्या टेपा वाचल्या त्यांनाही काळ सोडत नाही. टेपेवर लोहभस्माचा थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. दमट हवेत ते द्रव्य पाणी शोषतं, चिकटपणा वर येतो आणि टेप यंत्रातून जाताना थर खरवडून निघतो. समुद्राकाठच्या गावात बुरशीचीही भर. कपाटातल्या पैठणीची घडी जशी अधूनमधून मोडून पुन्हा घालावी लागते, तशी टेपही मधूनमधून गुंडाळून घ्यावी लागते, नाहीतर ती जागच्या जागी चिकटते. चिकटलीच, तर मंद उबेत तासन्‌तास ठेवून तिच्यातली ओल काढतात. मग काही काळच ती धड चालते, आणि तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. त्यातही घाई चालत नाही. अर्ध्या तासाचं मुद्रण उतरवायला अर्धा तासच लागतो. ज्या यंत्रांवर ही टेप चालते ती बनणं केव्हाच थांबलं आहे; एक बिघडलं तर दुसऱ्याचे सुटे भाग काढून चालवायचं. कुठेतरी एका खोलीत कुणी तंत्रज्ञ हे काम करत बसलेला असतो. हेड साफ करतो, टेप लावतो, रेघा आल्या की थांबवतो, पुन्हा साफ करतो. आपल्याला घरबसल्या मिळालेल्या प्रत्येक मैफलीमागे असा एक माणूस आहे.

आणि घरोघरचे ते संग्राहकही आहेत. कार्यक्रम लागायच्या आधी पाच मिनिटं कॅसेट घालून, बोट कळीवर ठेवून बसलेले. कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत राग, ताल, तारीख लिहून ठेवणारे. अशा कॅसेट पुणे-मुंबईच्या घरांतून अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंत गेल्या, तिथल्या गणेशोत्सवात लावल्या गेल्या, नक्कलेवरून नक्कल होत फिक्या पडल्या. मूळ टेप पुसली गेली आणि त्या फिक्या नकलेतच काय ते उरलं, असंही घडलेलं असणार. चित्रात माणूस धूसर झाला असला तरी बोट कुठल्या तारेवर आहे हे अजून कळतं, आणि तेवढ्यासाठी त्या माणसांचे उपकार मानावे तितके थोडे.

मात्र या सगळ्या शोधात एक गोष्ट मला सतत टोचते. मुद्रणाखाली मुख्य कलाकाराचं नाव असतं, कधी रागाचं असतं. साथीदारांची नावं पुष्कळदा नसतात, आणि तंबोऱ्यावर कोण आहे हे तर क्वचितच लिहिलेलं आढळतं. त्या तंबोऱ्यांमागे बसलेली मुलं-मुली म्हणजे त्या त्या घराण्याची पुढची पिढी होती. त्यांतली काही पुढे नावारूपाला आली, काहींनी गावोगावी शिकवण्या करून शेकडो गळे तयार केले, काहींनी संसारात गाणं मागे टाकलं. त्या संध्याकाळी मात्र ती सगळी त्या गाण्यात होती. अर्धा तास षड्ज-पंचम ढळू न देणं हे लहान काम नाही. तो ढळला असता तर वरची सगळी इमारत कलली असती.

त्यांना ओळखणारी माणसं आज आहेत. ‘हा अमक्याचा शिष्य’, ‘ही आमच्या गल्लीत राहायची’, ‘या तबल्यावर तमक्यांचा हात आहे, चाटेवरून कळतं’ असं सांगणारी ऐंशीच्या घरातली माणसं पुण्यात, मिरजेत, धारवाडात, मडगावात बसली आहेत. ती आहेत तोवर त्यांच्यासमोर ही मुद्रणं लावली पाहिजेत आणि चित्र थांबवून एकेक चेहरा विचारला पाहिजे. संगीताच्या महाविद्यालयांना हे जमेल, संगीत मंडळांना जमेल, घरातल्या नातवंडांना तर आज रात्रीच जमेल. टेपेवरची ओल यंत्राने काढता येते. नाव विसरलं गेलं की ते परत आणणारं यंत्र नाही.

गाणं ज्यांनी गायलं त्यांची नावं आपण जपली, आणि ते योग्यच झालं. पण त्या संध्याकाळी वरळीच्या त्या तापल्या दिव्यांखाली चार-पाच माणसं एकमेकांना जिवाचे कान करून ऐकत होती, म्हणून ते गाणं तसं झालं. समेवर हसलेल्या त्या तबलजींना आणि डोळे मोठे केलेल्या त्या मुलीला त्यांच्या नावाने हाक मारता आली पाहिजे. त्यांच्या ऐकण्यावरच आपण ऐकायला शिकलो आहोत.